उलटा धरलेला फोन

कानाचं यंत्र छातीवर लावायचं असतं, हे मी नातवंडांना सांगतो तेव्हा ती हसतात. त्यांनी पाहिलेली यंत्रं कानामागे लपून बसणारी. मी अकोल्यात या कामाला लागलो ती साठ सालानंतरची वर्षं. तेव्हा कानाचं यंत्र म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी एक डबी. ती सदऱ्याच्या खिशात ठेवायची. डबीतून बारीक वायर निघायची आणि वायरीच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढा एक गोल, तो कानात. डबीला पुढून जाळी, आणि जाळीच्या आत आवाज पकडणारा भाग. समोरच्याचं बोलणं आधी तुमच्या छातीशी पोचायचं आणि तिथून वायरीनं वर कानात जायचं.

मी मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. जठारपेठेत हमीदभाईंचं दुकान होतं, तिथे पडेल ते काम करत शिकलो. मुंबईच्या एका एजंटानं ही कानाची यंत्रं हमीदभाईंच्या गळ्यात मारली आणि हमीदभाईंनी ती माझ्या. "गजानन, बुढ्या लोकायशी बोलताना तू चिडत नाही," ते म्हणाले, "तूच सांभाळ हे."

कान तपासायचं साधन आमच्याकडे काही नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून मी आधी हळू, मग मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचो, किल्ल्यांचा जुडगा वाजवायचो आणि डबीवरचं चाक फिरवत मान कुठे वळते ते पाहायचो. पहिलं गिऱ्हाईक दर्यापूरचे कासमचाचा. गाद्यांची रुई पिंजण्यात जन्म गेला आणि त्या ठणठणाटात कानही गेले. यंत्र लावून मी चाक फिरवलं तसे चाचा ताडकन उठले आणि मागच्या खोलीत डोकावून आले.

"आत कोन रुई पिंजून राह्यलं जी?"

आत कोणी नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता. मी पंखा बंद केला तेव्हा चाचा खाली बसले, आणि मी काही तरी करणी केल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले.

बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं की माणसाला आनंद होतो, असं मला वाटायचं. होतोही, पण तो नंतर. आधी माणूस गांगरतो. आपला कान नको ते आवाज बाजूला सारतो, यंत्राला ते जमत नाही. पंखा, भांडं, स्वतःच्याच सदऱ्याची सळसळ, सगळं एकाच जोरानं अंगावर येतं आणि त्या गर्दीत घरच्या माणसाचं बोलणं शोधावं लागतं. त्यांचा गोंधळ पाहून माझाही व्हायचा. यंत्र बरोबर चाललंय की बिघडलंय, हे सांगणारा माणूस एकच, आणि त्यालाच काही कळेनासं झालेलं.

बहुतेक म्हाताऱ्यांना कोणी तरी धरून आणायचं. नानासाहेब वकील मात्र एकटेच आले. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही, जुने अकोलेकर ओळखतीलच. काळा कोट, हातात काठी, आणि दुकानात पाऊल टाकल्याबरोबर गर्जना, "यंत्र कुठे आहे?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून आत पाहायला लागली.

मी डबी दाखवली. तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. "मला एकच सांगा. यानं टेलिफोन ऐकू येईल का?"

मी हमीदभाईंकडे पाहिलं. हमीदभाईंनी माझ्याकडे. त्याआधी हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मुलाशी बोलायचं आहे," नानासाहेब म्हणाले. "मी स्वतः. मधे कोणी नको."

ते यंत्र लावून, दोन दिवसांनी पुन्हा येतो म्हणून गेल्यावर हमीदभाईंनी मला सगळी हकीकत सांगितली. सुधाकर हा नानासाहेबांचा एकुलता एक मुलगा. तोही वकील, आणि वडिलांच्याच हाताखाली काम करणारा. नानासाहेबांचे कान हळूहळू गेले आणि ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. एकदा भर कोर्टात ते एका साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागले. साक्षीदारानं उत्तर दिलेलं होतं. त्यानं पुन्हा दिलं. यांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. तेव्हा सुधाकर उठला आणि न्यायाधीशांना म्हणाला, "वडिलांना ऐकू येत नाही. पुढची तारीख मिळावी." नानासाहेबांना ते ऐकूही आलं नाही. बाहेर आल्यावर कोणी तरी कागदावर लिहून दाखवलं. त्या दिवसानंतर ते कोर्टात गेले नाहीत आणि मुलाशी बोलले नाहीत. सुधाकर बायकोला घेऊन अमरावतीला गेला आणि तिथेच वकिली करू लागला.

"मंग आता काहून बोलायचं म्हनते?" मी विचारलं.

"मले काय मालूम? तू फोनचं पाह्य."

शेजारी एका अडत्याची पेढी होती, तिथे फोन होता. नानासाहेब परत आल्यावर त्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो. अडत्यानं दुसऱ्या एका पेढीला फोन लावून दिला आणि नानासाहेबांनी सवयीनं रिसीव्हर कानाला लावला. काहीच नाही. कानात यंत्राचा बोळा, आणि यंत्राला ऐकू येणार ते छातीवरच्या डबीतून. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून कंटाळला. मी डबी खिशातून काढून वर कानाशी, रिसीव्हरजवळ नेली, तर डबी आणि गोल जवळ येताच यंत्रानं अशी शीळ घातली की पेढीवरचा मुनीम दचकला. हमीदभाई थोडा वेळ नुसते पाहत बसले. मग त्यांनी रिसीव्हर नानासाहेबांच्या हातातून घेतला आणि उलटा केला. ऐकायचं टोक खाली, छातीवरच्या डबीला. बोलायचं टोक आपोआप वर, हनुवटीपाशी आलं.

नानासाहेबांचे डोळे मोठे झाले. "कोण बोलतंय?" ते गरजले. पलीकडचा माणूस आणखी एकदा हॅलो म्हणाला होता.

ही युक्ती पुढे मी कितीतरी म्हाताऱ्यांना शिकवली. उलटा फोन धरून बोलणारा माणूस पाहून लोक हसत, पण बोलणं होत असे. शोध हमीदभाईंचा, शिकवणी माझी. एवढा मान मी घेतो.

नानासाहेबांच्या घरी मी जायला लागलो तो यंत्राची सवय करून द्यायला. घरात ते आणि काकू, दोघंच. काकू किडकिडीत होत्या, पण आवाज सभेत बोलणाऱ्याचा. इतकी वर्षं नवऱ्याच्या कानाशी ओरडून ओरडून तो तसाच होऊन बसला होता. पहिल्या दिवशी त्या डबीसमोर येऊन पूर्ण ताकदीनं ओरडल्या, "चहा घेता का?" यंत्र किंचाळलं. नानासाहेबांनी कानातला गोल उपटून काढला.

"हळू बोल ना," ते म्हणाले.

"हळूच बोलून राहिले!" काकू ओरडल्या.

त्यांना खरंच हळू बोलता येईना. दोन शब्द हळू यायचे, तिसऱ्याला आवाज चढायचा. मग त्या स्वतःच तोंडावर हात ठेवायच्या. एकदा जेवण वाढताना त्या स्वतःशीच काही तरी पुटपुटल्या आणि नानासाहेबांनी मान वर केली. "हा तुझा आवाज?" त्यांनी विचारलं. काकू लाजल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं अंगणात गेलो.

सगळं जागेवर येत होतं, आणि यंत्र बंद पडायला लागलं.

नानासाहेब दुकानात यायचे, डबी टेबलावर आपटायचे. "मेलं हे." मी उघडायचो, तर आतला पेन्सिल सेल उलटा घातलेला. सरळ केला की यंत्र सुरू. मी त्यांना सेलची वरची बाजू, खालची बाजू पुन्हा दाखवायचो. ते चिडायचे, "मला येतं ते. मी उलटा घालत नाही." थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. हमीदभाई मला बोलले, गिऱ्हाइकाला साधा सेल घालायला शिकवता येत नाही म्हणून. मी डबीच्या आत खडूनं खूण केली. तरी सेल उलटा. माझं डोकं चालेना. सेल आपोआप उलटत नाही.

एकदा मी घरी गेलो तेव्हा नानासाहेब बाहेर होते. काकूंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"गजानन, फोनवर काही हे चालत नसेल, नाही?"

"चालते जी! मस्त चालते." मी उत्साहानं रिकामा पेला उलटा धरून त्यांना सगळी युक्ती दाखवली. त्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, समजलं नसेल. म्हणून मी पुन्हा सगळं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी हळू निघाला.

नानासाहेबांच्या घराशेजारी एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, त्यांच्या बैठकीत फोन होता. सुधाकरचा सणासुदीला तिथे ट्रंक कॉल यायचा. काकू जाऊन बोलायच्या आणि घरी येऊन नानासाहेबांना ओरडून सांगायच्या, सुधाकर काय म्हणाला ते. एवढंच मला ठाऊक होतं. एका रविवारी सकाळी नानासाहेबांचा निरोप आला. त्यांनी स्वतः अमरावतीला कॉल बुक केला होता. यंत्र धरायला मी हवा होतो.

मी डॉक्टरीणबाईंकडे पोचलो तर काकूही आलेल्या, दाराशी उभ्या. नानासाहेब कोट घालून, टोपी घालून, कोर्टात जावं तसे फोनसमोर बसले होते. मी सवयीनं आधी डबी उघडली. सेल उलटा.

मी तो सरळ केला आणि वर पाहिलं. काकू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, खरं तेच सांगतो.

घंटी वाजली. "अमरावती बोला," ऑपरेटर म्हणाली. मी रिसीव्हर उलटा करून नानासाहेबांच्या छातीशी धरला. या पद्धतीत एक खोट होती. ऐकायचं टोक कानाला नसून उघड्यावर असल्यामुळे पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. लाइनवर माणसं ओरडूनच बोलत, त्यामुळे जास्तच.

"हॅलो, आई?" सुधाकरचा आवाज आला.

"आई नाही. मी आहे."

"कोण?"

"मी बोलतोय, सुधाकर. मला ऐकू येतंय."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग तो म्हणाला, "नाना?" आणि पुन्हा, "नाना, खरंच ऐकू येतं तुम्हाला?"

"येतं. ओरडू नको, शीळ वाजते." नानासाहेबांनी कोट सारखा केला. त्यानं यंत्रात केवढी खरखर झाली असेल. "हे बघ. तू माफी मागितलीस, मला पोचली. दिवाळीत तुझ्या आईनं सांगितलं मला. झालं गेलं. म्हणून फोन केला."

"माफी?" सुधाकर म्हणाला. "मी कधी... नाना, तुम्हीच तर निरोप पाठवला होता."

"काय?"

"मी कोर्टात उभा राहिलो ते बरं केलं म्हणून. मी तुमची लाज राखली, असं तुम्ही म्हणालात म्हणून. आईनं सांगितलं मला. नाना, त्या निरोपावर मी..." त्याचा आवाज फाटला. "तुम्ही म्हणाला होतात ना?"

नानासाहेबांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंनी दाराची चौकट धरली होती. मी त्या दोघांकडे पाहत राहिलो आणि माझा हात हलला. यंत्रानं शीळ घातली. मी घाईघाईनं चाक फिरवलं, जास्तच फिरवलं, परत आणलं. त्याच वेळी ऑपरेटर मधे आली, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आणि पलीकडून सुधाकर, "नाना? म्हणाला होतात ना?"

"हो," नानासाहेब म्हणाले. "हो, हो."

शीळ थांबली. लाइनवर नुसती घरघर होती.

"बरं, नाना," सुधाकर म्हणाला. "मग मीही म्हणालो होतो."

"ये मग. पोराला घेऊन ये."

त्यांनी रिसीव्हर बाजूला सारला, डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला, काठी घेतली आणि कोणाशी न बोलता घरी निघून गेले.

काकू बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "गजानन, यांना नीट ऐकू आलं का रे?"

मग त्यांनी सांगितलं. "सुधाकर फोनवर एवढंच विचारायचा, आई, तू बरी आहेस ना? यांचं नाव नाही. मी घरी आले की हे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. काय म्हणाला? काय म्हणाला? काय सांगू रे? एकदा म्हटलं, तुमचा गुडघा कसा आहे विचारत होता. यांनी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग यांचं म्हणून त्याला काही तरी सांगितलं, तर तो रडला फोनवर. मग मला थांबता येईना. वाढतच गेलं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि दोघंही कधी काही बोललेच नव्हते. पुढे पुढे त्याला ये म्हणायचीही छाती होईना. समोरासमोर बसले की पहिल्याच वाक्याला सगळं बाहेर पडणार."

"मंग सेल..."

"मीच," त्या म्हणाल्या. "तूच दाखवलं होतंस, उलटा घातला की बंद पडतं म्हणून."

माझ्या धंद्यात एक गोष्ट मी रोज पाहत होतो. बहिऱ्या माणसाला समोरच्याचं कळलं नाही की तो हो म्हणतो. पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून हो, हो म्हणून मोकळा होतो. नानासाहेबांनी हो, हो म्हटलं ते सुधाकरला, की ऑपरेटरला, की कळलं नाही म्हणून? नेमक्या त्या क्षणी यंत्र शीळ घालत होतं, आणि चाक माझ्या हातात होतं. ये मग, हे तर ते आधीपासूनच म्हणणार होते. त्यासाठीच कोट घालून आले होते.

"नक्की सांगता येत नाही, काकू," मी म्हणालो. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि घरी गेल्या. आत गेल्यावर काय होणार, या धास्तीनं मी बराच वेळ रस्त्यावर रेंगाळलो. आतून काहीच आवाज आला नाही. त्या घरात काही झालं असतं तर रस्त्यावर ऐकू आलंच असतं.

पुढच्या शनिवारी सुधाकर एस.टी.नं बायको-मुलाला घेऊन आला. मला जेवायला बोलावलं होतं. बाप-लेक शेजारी शेजारी बसले आणि कापसाच्या भावावर, अमरावतीच्या उन्हावर बोलले. कोर्टाचं नाव कोणी काढलं नाही. नातू आजोबांच्या मांडीवर चढून डबीच्या जाळीला तोंड लावून विचारत होता, "नाना, मी आत आलो का?" काकू वाढताना पुन्हा पुन्हा थांबत होत्या. कोणी तरी आता विचारील, मग विचारील, अशा. कोणी विचारलं नाही.

त्यानंतर तो वरचेवर येत राहिला, फोनही करत राहिला. नानासाहेब फोन उलटा धरून तासभर बोलले असते, ऑपरेटरनं बोलू दिलं असतं तर. एकदा काकू मला म्हणाल्या, "आता मला कोणी काही विचारत नाही रे." त्या हसत होत्या, पण मला नीटसं कळलं नाही की त्या सुटल्या म्हणून हसत होत्या, की आणखी कशानं. मी सेल कसा आहे म्हणून विचारलं.

पुढे कानामागची यंत्रं आली, हमीदभाई गेले, दुकानाचं दुसरंच काही झालं. त्या डब्या उघडायला आता कोणी येत नाही, आणि त्या जाळ्या साफ करणारी माझी बोटं अजून तशीच आहेत, याचं कधी कधी वाईट वाटतं.

एक दुपार मात्र विसरत नाही. काकू जाऊन वर्ष झालं होतं. मी नानासाहेबांच्या यंत्राची वायर बदलायला गेलो होतो. नवी वायर लावली, नवा सेल टाकला, गोल त्यांच्या कानात बसवला आणि चाक फिरवलं. बाहेर कुत्रं भुंकलं तशी त्यांनी मान तिकडे वळवली. घरात आम्ही दोघंच होतो. मी धीर करून, डबीसमोर वाकून, स्वच्छ आवाजात विचारलं, "नानासाहेब, त्या रविवारी फोनवर सुधाकरभाऊ काय म्हणाले ते तुमाले नीट ऐकू आलं होतं का जी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं.

"नको रे," ते म्हणाले. "चहा नको. आत्ताच झाला."